बदललेला रकाना आणि जुनी रीत



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयांची पाटी बाहेर लावली, तेव्हापासून माझ्या मनात धाकधूक होती. आदल्या संध्याकाळी संतवाङ्मय, उद्या नाट्यसंगीत, आणि मध्येच हा संगणकाचा खडा! मी चालकांना म्हटले, "अहो, 'डेटाबेसचा आराखडा बदलल्याने साठवलेल्या रीती बाद कशा होतात' हे वाचून कोण येणार?" ते म्हणाले, "उन्हाळा आहे, सभागृहात पंखे आहेत, लोक येतील." तेव्हा आपले आणि पंख्यांचेही आभार मानून सुरुवात करतो.

विषयाचे नाव परके असले तरी व्यवहार घरचा आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात एखादे पासबुक आहे. त्यात व्याज जमा होते, हप्ता वळता होतो, कधी दंडही पडतो. या नोंदी आता कोणी कारकून बसून लिहीत नाही. एक ठरलेली रीत रात्री आपोआप चालते आणि सकाळी आपल्या खात्यावर तिचा परिणाम दिसतो. ती रीत ज्या कागदाला पाहून लिहिली होती, तो कागदच पुढे कोणी बदलला तर काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. श्रोत्यांत पंच्याहत्तरी ओलांडलेली काही मंडळी दिसतात. १ एप्रिल १९५७ हा दिवस त्यांनी पाहिला आहे, किंवा निदान त्याच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत. त्या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली. तोवर दुकानाच्या वहीत पैशांचे तीन रकाने असत : रुपये, आणे, पै. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. नव्या पद्धतीत दोनच रकाने राहिले, रुपये आणि नये पैसे, आणि शंभर नये पैशांचा रुपया झाला.

आता मुनीमजींच्या डोक्यात बेरजेची एक रीत पक्की बसलेली होती. पैंची बेरीज करा, बारांनी भागा, हातचा आण्यांत मिळवा. आण्यांची बेरीज करा, सोळांनी भागा, हातचा रुपयांत मिळवा. ही रीत नव्या वहीवर चालवायला गेलो तर पहिल्याच पायरीला ती अडते. पैचा रकानाच नाही! मुनीमजी थांबतात, चष्मा कपाळावर सारतात आणि मालकाला विचारतात. हे थांबणे फार मोलाचे आहे.

पण समजा, एखाद्या दुकानात पैंचा हिशेब ठेवतच नव्हते. तेथली रीत एवढीच : दुसऱ्या रकान्याची बेरीज करा, सोळांनी भागा, हातचा पहिल्या रकान्यात मिळवा. जुन्या वहीत २ रुपये १० आणे आणि ३ रुपये ९ आणे यांची बेरीज ६ रुपये ३ आणे येत असे, आणि ती बरोबर होती. नव्या वहीत २ रुपये १० पैसे आणि ३ रुपये ९ पैसे लिहिले. रीत कोठेही अडली नाही. दुसरा रकाना आहे, त्यात आकडे आहेत, बेरीज एकोणीस झाली, एक हातचा गेला, उत्तर ६ रुपये ३ पैसे! खरे उत्तर ५ रुपये १९ पैसे. चौऱ्याऐंशी पैशांची चूक झाली आणि कोणाला चाहूलही लागली नाही. पहिली रीत बाद झाली आणि तिने तसे सांगितले. दुसरीही बाद झाली होती, पण ती चालतच राहिली. हा भेद मनात ठेवा. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता संगणकाकडे वळू. डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा मोठा दप्तरखाना. खातेदारांचा एक तक्ता, व्यवहारांचा एक, कर्जांचा एक. प्रत्येक तक्त्यात कोणते रकाने, कोणत्या नावाचे, किती रुंदीचे, आकड्यांचे की अक्षरांचे, हे आधी ठरवून दिलेले असते. या ठरवणीला स्कीमा म्हणतात. आपण आराखडा म्हणू. आणि या तक्त्यांवर वारंवार करावयाच्या कामांची कृती लिहून ती दप्तरखान्यातच ठेवून दिली, तर तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. गणिताच्या पुस्तकात 'रीत' असते तशी ही साठवलेली रीत. ती तेथेच ठेवण्यात शहाणपण आहे. पैसे काढण्याची मागणी खिडकीवरून येवो, एटीएमवरून येवो की मोबाइलवरून, सर्वांना नियम एकच लागतो.

अशी रीत दप्तरखान्यात दाखल करताना यंत्र ती एकदा वाचून पाहते. रीतीत 'खाती' हे नाव आले, तर त्या नावाचा तक्ता आहे काय? 'शिल्लक' म्हटले, तर तसा रकाना आहे काय? सर्व नावांची गाठ पडली की रीत यंत्राच्या भाषेत उतरवून तयार ठेवली जाते. याला कंपाइल करणे म्हणतात. चांगला दप्तरदार त्याच वेळी आपल्या सूचीत आणखी एक टिपण करतो, की ही रीत अमुक तक्त्यांवर अवलंबून आहे. आपल्या विषयाचे सारे नाट्य या टिपणात आहे.

१९७० साली एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. ते कॅलिफोर्नियात आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत. आजचे तक्त्यांचे डेटाबेस त्या निबंधातून निघाले. त्यांची मुख्य तक्रार हीच होती. माहिती आत कोणत्या क्रमाने ठेवली आहे, कोणत्या सूचीने शोधली जाते, यावर कार्यक्रम इतके विसंबून राहतात की आतली मांडणी हलवली की बाहेरचे कार्यक्रम कोसळतात. वापरणाऱ्याने फक्त तक्ते पाहावेत, आतल्या फळ्या-खुंट्या त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

याच प्रयोगशाळेत पुढे १९७० च्या दशकात 'सिस्टिम आर' नावाचा प्रायोगिक डेटाबेस तयार झाला. तेथील मंडळींनी एक युक्ती काढली आणि ती मला आजही सुंदर वाटते. कार्यक्रमातील प्रश्न आधीच कंपाइल करून डेटाबेसमध्ये ठेवायचे. नंतर एखादी सूची कोणी काढून टाकली आणि ठेवलेला कार्यक्रम तिच्यावर विसंबून असला, तर त्याच्यावर 'बाद' असा शिक्का मारायचा. पुढच्या वेळी तो कोणी चालवायला घेतला की मूळ मजकुरावरून तो आपोआप नव्याने कंपाइल करायचा. चालवणाऱ्याला यातले काही कळतही नाही. उद्या रस्ता बंद झाला तर टांगेवाला दुसऱ्या रस्त्याने नेतो. मुक्काम तोच राहतो.

रीती डेटाबेसच्या आतच साठवण्याची सोय ओरॅकलने १९९२ च्या आपल्या सातव्या आवृत्तीत आणली, आणि हीच शिक्क्याची पद्धत तेथे पूर्ण रूपात दिसते. तक्ता बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या रीती बाद. त्या रीतींना हाक मारणाऱ्या रीतीही बाद. आणि त्यांच्यावर विसंबलेल्या आणखी काही. सोयर सुतक लांबवर पोचते तसे हे चुलत-चुलत घरापर्यंत जाते. मात्र येथे 'बाद' याचा अर्थ 'चुकीची' असा नाही. पुन्हा तपासल्यावाचून वापरू नये, एवढाच आहे. पुढच्या हाकेला यंत्र स्वतःच तपासते; सर्व नावे सापडली तर शिक्का पुसते, न सापडली तर हाक मारणाऱ्याला स्पष्ट नकार देते.

या सावधपणाचाही जाच होतो. आरंभीच्या काळात तक्त्यात एक नवा रकाना वाढवला, ज्याच्याशी कोणत्याही जुन्या रीतीचा काडीचा संबंध नाही, तरी सगळ्या अवलंबितांवर शिक्का बसत असे. दिवसाढवळ्या गर्दीच्या वेळी हे झाले तर शेकडो रीती एकदम तपासणीला उभ्या राहत. एखाद्या कारकुनाचे काम अर्ध्यावर असेल, तर त्याच्यासाठी यंत्राने लक्षात ठेवलेले टिपण टाकून दिले जाई आणि 'पुन्हा सुरुवात करा' असा निरोप येई. म्हणून असले बदल रात्री, दाराला कडी घालून करण्याची रूढी पडली. २००७ च्या अकराव्या आवृत्तीत ओरॅकलने टिपण अधिक बारीक केले. रीत कोणत्या तक्त्यावर विसंबते एवढेच न लिहिता त्यातल्या कोणत्या रकान्यावर, तेही लिहू लागले. तेव्हापासून विनाकारण बसणारे शिक्के पुष्कळ कमी झाले.

सगळे दप्तरदार एकाच स्वभावाचे नसतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तक्ता बदलला म्हणून रीतीवर शिक्का बसत नाही. रीत चालवायला घ्यावी, रकाना नाही असे दिसावे, आणि मग ती अडावी. रोज चालणारी रीत असेल तर दुसऱ्याच दिवशी कळते. पण लाभांश वाटपाची रीत वर्षातून एकदा चालते. ऑगस्टात कोणी रकाना काढून टाकला, तर त्याची बातमी ३१ मार्चच्या रात्री लागायची. तोवर रकाना काढणारा गृहस्थ दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो! पोस्टग्रेस हा तिसऱ्या स्वभावाचा. त्यात रीतीचा मजकूर बहुधा एक नुसते पत्र म्हणून ठेवलेला असतो. पत्रात कोणाकोणाची नावे आहेत याची दप्तरदार नोंद करीत नाही. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून काही रीती नव्या पद्धतीने लिहिल्या तर तो ती नोंद ठेवतो, आणि त्यांना लागणारा रकाना काढू म्हटले तर सरळ अडवतो.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, की ज्याच्याकडे शिक्क्याची पद्धत आहे त्याच्याकडे धोका नाही. मलाही तसेच वाटत असे. ते वाटणे कसे गेले ते सांगतो. गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

बारा-तेरा वर्षांमागे एका पतसंस्थेच्या डेटाबेसची देखभाल माझ्याकडे होती. संस्थेचे नाव घेत नाही; तिचा यात दोष नव्हता. तेथला डेटाबेस शिक्का मारणाऱ्या जातीचा होता. संस्थेने खाते क्रमांक लांबवायचे ठरवले. नवे क्रमांक आले, आणि 'बंद करावयाची खाती' नावाचा एक छोटा तक्ता होता, त्यात जुने क्रमांकच राहिले. घोटाळा होऊ नये म्हणून मी त्या तक्त्यातील 'खाते क्रमांक' या रकान्याचे नाव बदलून 'जुना क्रमांक' असे केले. स्पष्ट नाव देणे चांगले, असे आम्हांला शिकवलेले असते.

अपेक्षेप्रमाणे काही रीतींवर शिक्का बसला. मी त्या सर्व पुन्हा कंपाइल करवून घेतल्या. दोन रीतींनी नाव सापडत नाही अशी तक्रार केली. त्या दुरुस्त केल्या. मग यादी काढली. सगळ्या रीतींपुढे 'वैध' असा शब्द होता. मी समाधानाने दिवा मालवला आणि घरी गेलो.

सकाळी साडेनऊला दूरध्वनी आला. संस्थेतील एकूण एक खाती निष्क्रिय झाली होती. वीस-बावीस नव्हेत, जी त्या छोट्या यादीत होती, सगळी.

काय झाले होते ते पाहा. रात्री चालणाऱ्या एका रीतीत आज्ञा अशी होती : 'खाती' या तक्त्यातील ती खाती निष्क्रिय करा, ज्यांचा खाते क्रमांक, 'बंद करावयाची खाती' या तक्त्यातून काढलेल्या खाते क्रमांकांत सापडतो. आता आतल्या तक्त्यात 'खाते क्रमांक' हे नाव राहिलेच नव्हते. मग रीत अडायला हवी होती. पण या भाषेचा एक नियम आहे, की आतल्या तक्त्यात नाव सापडले नाही तर एक पायरी बाहेर येऊन बाहेरच्या तक्त्यात शोधावे. वाड्यात आपण 'बाळू' म्हणून हाक मारतो. माजघरातला बाळू पुण्याला गेलेला असतो, पण ओटीवरचा बाळू उठून येतो. हाक वाया जात नाही! यंत्राला बाहेरच्या तक्त्यातला 'खाते क्रमांक' सापडला. आज्ञेचा नवा अर्थ असा झाला : ज्या खात्याचा क्रमांक त्याच्या स्वतःच्याच क्रमांकाइतका आहे, ते निष्क्रिय करा. असे कोणते खाते नसते?

म्हणजे शिक्का बसला होता, तपासणी झाली होती, शिक्का पुसला गेला होता, आणि हे सर्व नियमाप्रमाणे. रीतीतले एक अक्षरही बदलले नव्हते. अर्थ मात्र पार फिरला होता. आण्यांची रीत पैशांच्या रकान्यावर चालली, तीच ही गोष्ट.

त्या सकाळी खिडकीवर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक उभे होते. पत्नीला रुग्णालयात दाखल करायचे होते आणि अनामत रक्कम मागितली होती. पडद्यावर त्यांचे खाते निष्क्रिय. व्यवस्थापक जुन्या वळणाचे होते. त्यांनी गुरुजींचे पासबुक पाहिले, कागदावर पावती लिहिली, सही घेतली आणि तिजोरीतून पैसे दिले. नियमाला धरून होते की नाही ते मला विचारू नका. मी त्या वेळी शेजारच्या खोलीत घाम पुशीत बसलो होतो, आणि त्यांनी तसे केले नसते तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आदल्या संध्याकाळची प्रत जपून ठेवलेली होती, म्हणून दुपारपर्यंत खाती पूर्ववत झाली. पण कथा तेथे संपली नाही. निष्क्रिय खात्यांतून कर्जाचे हप्ते रात्रीच नाकारले गेले होते. आणि दंड आकारणारी दुसरी एक रीत, अगदी निर्दोष, अगदी इमानी, तिने हप्ता चुकल्याबद्दल प्रत्येकाला दंड लावला होता. त्या नोंदी एकेक पाहून उलटवायला नऊ दिवस लागले. रीतीला दयामाया नसते, हे आपण म्हणतो. तिला शंकाही येत नाही, हे मी त्या नऊ दिवसांत शिकलो.

ही चूक एका शब्दाने टळली असती. रीतीत नुसते 'खाते क्रमांक' न लिहिता 'बंद करावयाच्या खात्यांतील खाते क्रमांक' असे तक्त्याचे नाव जोडून लिहिले असते, म्हणजे 'माजघरातला बाळू' अशी हाक मारली असती, तर तो तेथे नाही असे यंत्राने लगेच सांगितले असते. रीत बाद राहिली असती. रात्रीचे काम अडले असते, सकाळी मला बोलणी बसली असती, आणि गुरुजींना पैसे मिळाले असते.

रकान्याचे नाव बदलणे निदान धाडसाचे तरी वाटते. नवा रकाना वाढवणे म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत आहे. तीही पुरती खरी नाही. रीत चालवताना तिला बाहेरून काही सांगायचे असते, उदाहरणार्थ कोणती शाखा. त्या सांगण्याला रीतीत 'शाखा' असे नाव दिले आहे, आणि तक्त्यात रकाना आहे 'शाखा संकेत'. आज्ञा आहे, शाखा संकेत बरोबर शाखा. पुढे कोणी तक्त्यात 'शाखा' नावाचा रकाना वाढवला. ओरॅकलमध्ये अशा वेळी रकान्याचा मान आधी. बाहेरून सांगितलेली शाखा मागे पडते, आणि तक्त्यातले दोन रकाने एकमेकांशी ताडून पाहिले जातात. पाहुणा आला आणि घरच्याचेच नाव लावून बसला!

रुंदीचेही तसेच. तक्त्यातला रकाना दहा अक्षरांवरून वीस अक्षरांचा केला. रीतीत मात्र ती माहिती घेणारी जागा दहाचीच राहिली. ओरॅकलमध्ये रीतीतल्या जागेला 'तक्त्यातल्या त्या रकान्याएवढी' असे सांगण्याची सोय आहे. ती वापरली असेल तर रकाना रुंदावल्यावर जागाही रुंदावते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशा आखूड जागेत लांब मजकूर भरला तर उरलेली अक्षरे निमूटपणे कापली जातात. मग वीस अंकी क्रमांकाचे पहिले दहा अंक घेऊन रीत पुढे जाते, आणि ते दहा अंक दुसऱ्याच कोणाचे असू शकतात.

आमच्या व्यवसायात शिक्क्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. 'रात्री एवढासा बदल केला आणि दोनशे रीती बाद' अशी रड ऐकू येते. माझे मत उलट झाले आहे. शिक्का बसतो याची मला तक्रार नाही. तो आपोआप पुसला जातो, याची आहे. सूची गेली आणि रस्ता बदलला, तेथे आपोआप पुसणे योग्यच. मुक्काम तोच असतो. पण तक्त्याचे नाव, रकान्याचे नाव किंवा त्याचा अर्थ बदलला, तेथे 'वैध' हा शब्द यंत्राने उच्चारला तरी त्याला फक्त एवढेच म्हणायचे असते, की नावांना कोणीतरी ओ दिली. कोणी ओ दिली, हे पाहणे माणसाचे काम आहे. हिशेब तपासनीस सही करण्यापूर्वी बेरीज जुळली एवढ्यावर थांबत नाही. खर्ची पडलेली पावती कोणाची आहे तेही पाहतो.

त्या प्रकरणानंतर आम्ही संस्थेत जे करू लागलो ते थोडक्यात सांगतो. तक्त्याला हात लावण्यापूर्वी त्याच्यावर विसंबलेल्या रीतींची यादी दप्तरातून काढायची आणि दोघांनी मिळून त्या वाचायच्या. एकाने मोठ्याने, दुसऱ्याने ऐकत. हसू नका, ऐकणाऱ्याला चुका अधिक सापडतात. ज्या रीती आज्ञेचे वाक्य आयत्या वेळी तुकडे जोडून बनवतात, त्या या यादीत येत नाहीत, कारण दप्तरदाराला ते वाक्य आधी दिसलेलेच नसते. त्यांची वही आम्ही हाताने ठेवली. आणि रकान्याचे नाव एकदम बदलायचे नाही. नवा रकाना शेजारी उभा करायचा, काही महिने दोन्ही चालू द्यायचे, एकेक रीत नव्याकडे वळवायची, आणि जुन्याला कोणी हाक मारीत नाही अशी खात्री झाली की मग त्याला निरोप द्यायचा. १९५७ साली सरकारनेही आणे एका रात्रीत बंद केले नव्हते. जुनी आणि नवी नाणी काही काळ एकाच गल्ल्यात नांदली. पैशामागचे 'नया' हे विशेषणही १ जून १९६४ ला गेले, सात वर्षांनी.

त्या पतसंस्थेत 'जुना क्रमांक' हा रकाना मी सोडून आलो तेव्हा अजून होता. दोन रीती त्याच्याकडे वळत होत्या, आणि त्यांतली एक वर्षातून एकदाच चालणारी होती. तिची वेळ यायची होती, म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही.

वेळ झाली आहे. कोणाला काही विचारावयाचे असेल आणि अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल, तर मी येथेच आहे.